चौकटीखालची बोटभर पट्टी

अलेक्झांड्रिया,
९ फेब्रुवारी १९९७

चि. ऋजुता हीस वासुकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझे चार ओळींचे पत्र पोचले. मजकुराबद्दल तक्रार नाही. इथून गेल्यापासून तीन वर्षांत तू मला सहा पत्रे पाठवलीस, प्रत्येक चार ओळींचे. इतक्या मजकुरात तक्रारीला जागा सापडणेच कठीण. तक्रार आहे ती शाईची. काकाला हिरव्या शाईने पत्र लिहावे, हे तुला कोणत्या धर्मशास्त्रात सापडले? हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याने शेरा मारायला वापरायची असते. बडोद्याच्या संग्रहालयात जुनी चित्रे पुसायची नोकरी राजपत्रित झाली असेल तर तसे कळव, म्हणजे मी खाली 'आपला आज्ञाधारक' अशी सही करीन. बरे, हिरवा तरी धड असावा. तोही शेवाळलेला, पावसाळ्यात वापरात नसलेल्या हौदासारखा. नऊ वर्षे माझ्याजवळ राहून, माझ्याबरोबर घरोघर चित्रांचे भाव लावत हिंडून, तू रंगांविषयी हेच शिकलीस असे लोकांना वाटायचे.

असो. पत्राचे खरे कारण वेगळे आहे. काल हाजी रिफअत दमनहूरहून आले होते.

तो विषय काढायचा नाही असे आपण दोघांनी न बोलताच ठरवले आहे. पण तो विषयच काल काठी टेकत तीन जिने चढून आला, त्याला मी काय करू? देमिरियानचे ते चित्र. महमूदिया कालव्याचे पाणी अडवायचे दार, पहाटेची वेळ, काठाला दोन नावा. हाजींचे वडील त्या दाराचे रखवालदार होते, आणि देमिरियान त्यांच्या ओसरीवर बसून महिनाभर रंगवत होता. जाताना चित्र त्यांनाच देऊन गेला. म्हातारा वारला तेव्हा वाटणीत दोन हिस्से हाजींचे आणि एक त्यांच्या बहिणीचा, इन्साफबाईंचा. बाईंना चित्र घरातच हवे होते, म्हणजे किमतीचे दोन हिस्से भावाला रोख देणे आले. इथल्या रीतीप्रमाणे भाव दोघा पारख्यांनी लावायचा, दोन चिठ्ठ्यांवर. तू साठ हजार पौंड लिहिलेस, मी अठरा. आकाश आणि पाणी पार पिवळे पडले आहे, निळा उडून गेला आहे, असे माझे म्हणणे. निळा जागच्या जागी आहे, असे तुझे. मग मी सर्वांसमोर काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. घरच्यांनी माझा आकडा धरला, बाईंनी बांगड्या विकून भावाचे बारा हजार दिले, आणि महिन्याभरात तू बडोद्याला निघून गेलीस.

हाजी बसायच्या आधीच म्हणाले, "कॉफी नको, उस्ताज वासू. हिशेब हवा."

खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढले. कैरोला गेल्या वर्षी देमिरियानचे दुसरे एक चित्र, ह्याच्या निम्म्या आकाराचे, पंचावन्न हजारांना गेले.

"माझ्या बहिणीनं तुम्हाला असं काय पाजलं होतं त्या दिवशी?"

"दुखवट्याची कॉफी, हाजी. बिनसाखरेची. तुम्हालाही तीच मिळाली होती."

"मी ती पीत होतो तेव्हा बापासाठी रडत होतो. तुम्ही मोजत होता."

त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि मुलीकडून द्यायचे सामान अडले आहे: पलंग, कपाट, फ्रिज. बहिणीशी बोलणे गेले वर्षभर बंद. मी पुन्हा भाव लावीन, ह्या खेपेस चित्र भिंतीवरून उतरवून बघीन, असा शब्द देऊन त्यांना वाटेला लावले.

दादा-वहिनींना नमस्कार. शाईचे मनावर घे.

वासुकाका

२ मार्च १९९७

चि. ऋजुता हीस आशीर्वाद.

उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. तुझ्या उत्तरांची मला सवय आहे.

गुरुवारी इब्राहिमियाला इन्साफबाईंकडे गेलो. बाई आता सहासष्टांच्या झाल्या. तीस वर्षे मुलींना भूगोल शिकवला, त्यामुळे अजूनही पाहुण्याला खुर्चीत बसवत नाहीत, जागेवर बसवतात.

"पुन्हा किंमत?" त्या म्हणाल्या. "मागच्या खेपेला तुम्ही अठरा म्हणालात तेव्हा मी नमाजात तुमच्यासाठी दुआ मागितली होती. ती परत घेऊ का आता?"

"थांबा. आधी बघू तर द्या."

"बघा. पण मी सांगून ठेवते. भाव वाढला तर माझ्याकडे विकायला बांगड्या उरलेल्या नाहीत. आणि हे कालव्याचं दार गेलं तर ह्या घरात बघायला फक्त समोरचा खाटीक आहे."

म्हणजे पेच तुझ्या ध्यानात आला असेल. सगळी गिऱ्हाइके आपल्याकडून मोठा आकडा मागतात. ही एकच बाई लहान मागते. आकडा लहान असेल तोवरच चित्र तिचे.

चित्र उतरवले. मागच्या बाजूला म्हाताऱ्याने कालवा-खात्याचे जुने कागद खळीने चिकटवून ठेवले होते. पाण्याची उंची, तारीख, सही. ते पाण्याने भिजवून सोडवले, खिळे काढले, चित्र चौकटीबाहेर घेतले. वार्निश चित्र चौकटीत बसवल्यावर मारतात, त्यामुळे चौकटीच्या काठाखाली बोटभर पट्टी कोरी राहते, हे मीच तुला पहिल्या वर्षी शिकवले. मधला भाग कितीही पिवळा पडो, ती पट्टी मूळ रंग सांगते. मी पट्टी पाहिली. विशेष असे काही आढळले नाही. खिळे मारून चित्र होते तिथे टांगले. हाजींना 'आणखी थोडा वेळ लागेल' असे कळवले आहे.

एक गंमत लिहितो. आमचा दारवान शहाता सकाळी ताअमियाची गरम भजी घेऊन वर येतो आणि माझ्या टेबलावरचे सगळे वाचता येत नसतानाही वाचतो. तुझे पत्र उघडे पडले होते.

"मुलीचं पत्र?"

"पुतणीचं. बघ, काकाला हिरव्या शाईनं लिहिते."

"हिरव्या?" तो वाकला. "उस्ताज, ही तर निळी आहे. माझ्या ह्या झग्यासारखी."

"तुझा झगा राखाडी आहे."

त्याने एकदा झग्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "बरं, राखाडी." परगावच्या पाहुण्याने आपल्या गावचे नाव चुकीचे उच्चारले की आपण जसे दुरुस्त करत नाही, त्या आवाजात.

शाई कोणत्या रंगाची होती ते जमल्यास कळव. सहज विचारतो.

वासुकाका

६ एप्रिल १९९७

चि. ऋजुता,

तुझे पत्र आले. "काका, शाई निळी होती. मी हिरवी कधीच वापरलेली नाही. डोळे दाखवा." चार ओळींचीही तू दीड केलीस. आणि ह्या खेपेस पेन्सिलीने लिहिलेस. ते दया म्हणून की पुन्हा वाद नको म्हणून, हे ठरवण्यात माझी एक सकाळ गेली.

मागच्या पत्रात मी तुला फसवले. पट्टीत विशेष काही आढळले नाही, हे अक्षरशः खरे आहे, आणि तेच विशेष होते. पट्टी मधल्या भागाइतकीच पिवळी होती. वार्निश जिथे कधी पोचलेच नाही, साठ वर्षांत उजेड जिथे पडला नाही, तिथेही तोच पिवळा. मधल्या भागात आणि कडेला फरक नाही म्हणजे वार्निश पिवळे पडलेले नाही. चित्र पिवळे नाही. हे मला हातात पकड धरून बसलेलो असतानाच समजले. इन्साफबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, "काय निघालं?" मी म्हणालो, "धूळ."

मग खिळे मारले. चार खिळे मारायला मला पाऊण तास लागला. बाईंना वाटले मी काळजीने काम करतो आहे.

नंतर डॉक्टरकडे गेलो, तुझे पत्र यायच्या आधीच. त्यांनी दोन्ही डोळ्यांत दिवा मारला आणि म्हणाले, "मोतीबिंदू. दोन्हीकडे. भिंग चहासारखं झालंय."

"किती दिवसांचा?"

"ते सांगता येत नाही, उस्ताज. हा इतका हळू येतो की माणसाला वाटतं आपलं काही बिघडलेलं नाही, जगच जरा जुनं झालंय. काम काय करता आपण?"

मी सांगितले. ते चांगले गृहस्थ आहेत. हसले नाहीत.

कावीळ झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो, हे उदाहरण मी पाठशाळेत तीन वर्षे घोकले. प्रत्यक्ष दिसते ते नेहमीच प्रमाण नव्हे, इंद्रियात दोष असला की ज्ञानही दूषित होते, हे गुरुजींनी त्या एका शंखावर आम्हाला शिकवले. इथे आल्यावर मी तोच शंख तुलाही दाखवला होता, समुद्रकाठी भाजलेली कणसे खात. शास्त्र मला पूर्ण पाठ होते. कावीळ झालेला माणूस मात्र मी कायम दुसराच कुणीतरी धरला.

आता ते लिहितो, जे पहिल्या पत्रात लिहिले नाही. म्हातारा जाऊन अठ्ठावीस दिवस झाले होते. चाळिसावा होईपर्यंत घरातली एकही वस्तू जागची हलवायची नाही, असे इन्साफबाईंनी सांगितले होते. तू म्हणालीस, "काका, बाराच दिवस राहिलेत. थांबू. चाळिसाव्यानंतर उतरवून पट्टी बघू, मग भाव लावू." मी म्हणालो, माझ्या डोळ्यांना बारा दिवस लागत नाहीत. तरी तू निळ्याचा हट्ट सोडेनास. तेव्हा मी हाजींकडे वळून म्हणालो, "मुलीची नजर अजून कच्ची आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नका." मराठीत म्हणालो असतो तर ते आपल्या घरातले झाले असते. अरबीत म्हणालो, त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळेल असे.

तुझी नजर पिकलेली होती. माझी नासलेली होती.

हाजींना आणि बाईंना मी अजून काही सांगितलेले नाही. त्याला कारणे पुष्कळ आहेत, एखादे प्रकरण भरेल इतकी. पट्टी स्वतः बोलत नाही. बाई त्या खोलीत चहा घेताना खुर्ची खिडकीकडे न करता चित्राकडे करतात, हे मी पाहिले आहे. माझा आकडा कायम राहिला तर हाजी कुरकुरत परत जातील, आणि कुरकुरणे त्यांच्या प्रकृतीला मानवते. ही सगळी कारणे मी बाईंच्या दयेपोटी शोधून काढली असे स्वतःला सांगत होतो. काल दाढी करताना लक्षात आले, एकही त्यांच्यासाठी नव्हते.

वासुकाका

१८ मे १९९७

चि. ऋजुता,

सांगून टाकले.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी नमाजानंतर दोघांनाही इब्राहिमियाला बोलावले. हाजी वर्षभराने बहिणीच्या घरात पाऊल टाकत होते. दारालगतच्या खुर्चीवर बसले, बूट न काढता, म्हणजे केव्हाही उठता यावे. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता त्यांच्यापुढे पेला ठेवला. मी उभा राहून सांगितले. चित्र चांगले आहे, निळा जागच्या जागी आहे, दोष माझ्या डोळ्यांत आहे. माझ्या पुतणीने तेव्हाच खरा भाव सांगितला होता आणि मी तिला गप्प केले. तुम्हा दोघांत जे झाले त्याचे कारण मी.

मग हाजी बहिणीला म्हणाले, "म्हणजे तू ह्यांना काही पाजलं नव्हतंस."

"कॉफी पाजली होती."

"ती तर तुझी वाईटच असते."

बाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. "बूट काढ. गालिचा आईचा आहे."

हाजींनी बूट काढले. चित्रापाशी जाऊन उभे राहिले आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "पण इन्साफ, कालव्याचं पाणी निळं कधी होतं गं? मला तर चिखलच आठवतो."

"तुला चिखल आठवणारच. दर जानेवारीत पाणी बंद करून गाळ काढायचे, तेव्हा तू त्यात पडला होतास."

"पडलो नव्हतो. तू ढकललंस."

"तू माझी चप्पल आत टाकलीस म्हणून. आणि गाळ काढून पाणी परत सोडलं की पहिले दोन दिवस ते निळं असायचं. बाबा शाळा बुडवून आपल्याला दाखवायला न्यायचे. हे त्याच दिवसाचं आहे. दारावर बघ, पाणी नुकतं चढतंय, वरची फळी कोरडीच आहे."

मी हे चित्र दोनदा मोजले, ऋजुता. लांबी, रुंदी, कापडाची वीण, सहीचा कोन. ती कोरडी फळी मला दिसली नव्हती. तिला रंगाचे डोळेही लागत नाहीत.

मी म्हणालो, भावातला फरक मी भरून देतो, हप्त्याहप्त्याने. बाईंनी मला जागेवर बसवले. हाजी म्हणाले, राहू दे, मी सामानाचं दुसरीकडे बघतो. ते मनापासून म्हणाले. पण बाई ऐकेनात. "पोरीचा फ्रिज अडवून मी इथे कालवा बघत बसू? तुझ्या वाट्याचं आहे ते. मी तीन वर्षं तुझ्या वाट्याचं पाणी बघितलं."

परवा कैरोचा व्यापारी आला. बासष्ट हजार. दोन माणसांनी चित्र चादरीत गुंडाळून जिन्यावरून खाली नेले. हाजी पुढे चालत होते, 'कोपरा सांभाळा, कोपरा' असे म्हणत. बाई खाली उतरल्या नाहीत. मीही वरच थांबलो. भिंतीवर चौकोन राहिला आहे. बाकीच्या भिंतीपेक्षा पांढरा असावा. मला विचारू नकोस.

मी क्षमा मागायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "उस्ताज वासू, खरा भाव तेव्हाच कळला असता तर हे चाळिसाव्यालाच गेलं असतं. तुमची चूक मला तीन वर्षं पुरली." मग खुर्ची उचलून खिडकीकडे फिरवली आणि मला चहा दिला, साखर घालून.

हे वाक्य ऐकून हायसे वाटावे, असे तुला वाटेल. मलाही क्षणभर वाटले. जिना उतरेपर्यंत टिकले.

शस्त्रक्रिया दहा जूनला आहे. आधी उजवा, मग महिन्याने डावा. डॉक्टर म्हणतात वीस मिनिटांचे काम आहे. शहाता म्हणतो त्याच्या मेव्हण्याला दुसऱ्या दिवशी गाढवाच्या पाठीवरचे केस मोजता आले. तेव्हा डोळ्यांची काळजी करू नकोस, दादालाही करू देऊ नकोस.

आता ज्यासाठी ही चार पत्रे लिहिली ते लिहितो. शाई, हाजी, चित्र, हे सगळे तिथवर पोचायची वाट होती.

आपण दोघांनी नऊ वर्षांत दोनशेच्या वर चित्रांना भाव लावले. माझ्या नोंदवहीत फक्त ठरलेला आकडा आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक वेळी माझा आहे. तू मात्र तुझ्या चिठ्ठीवरचा आकडा घरी येऊन लाल पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचीस. मी त्यावरून तुझी थट्टा करत असे. ती वही तू नेलीस हे मला माहीत आहे, कारण तिची रिकामी जागा मी बघितली. पहिली काही वर्षे आपले आकडे जवळजवळ असायचे. पुढे कधीतरी ते वेगळे व्हायला लागले, आणि जेव्हा जेव्हा वेगळे झाले तेव्हा मी तुला कच्ची म्हणालो आणि तू गप्प बसलीस. कोणत्या चित्रापासून, ते तेवढे वही बघून मला कळव. त्या घरांपैकी बहुतेकांत इन्साफबाई नव्हती. कुणी माझ्या शब्दावर स्वस्तात विकले असेल, कुणा बहिणीला कमी मिळाले असेल, आणि मी कॉफी पिऊन, हात धुऊन निघून आलो असेन. मला त्या घरी जायचे आहे. पण कोणत्या, ते ठाऊक नाही.

तू येशील का, हे विचारण्याचा मला हक्क नाही. वही पाठवलीस तरी पुरे.

मला भीती वाटते, ऋजुता. डोळे जातील ह्याची नाही. मी कधीपासून चुकतो आहे हे मला माहीत नाही, ह्याची.

वासुकाका